सहज सुचण्याजोगं

विल्मिंग्टनच्या कोर्टात, चौथ्या मजल्यावर,
मी माणसांचं बोलणं टिपते.
बावीस वर्षं झाली. खून क्वचित. बहुतेक रेणूच.

आज फळ्यावर दोन चित्रं, शेजारी शेजारी.
तोच षटकोन, तीच नायट्रोजनची शेपटी,
फक्त उजवीकडच्या कोपऱ्यात
एकाला काही नाही, दुसऱ्याला मिथाइल.
एक कार्बन, तीन हायड्रोजन.
अक्षराला काना द्यावा, एवढंच.
पण कळ आणि काळ
यांच्यातही एवढंच अंतर असतं.

पहिल्याने उंदरांची कळ थांबायची
आणि नवव्या दिवशी उंदीरही.
दुसऱ्याने फक्त कळ.

साक्षीला डॉक्टर एव्हरेट लिंडक्विस्ट, वय चौऱ्याहत्तर,
तासाला आठशे डॉलर.
पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतात.
म्हणाले, हे उघड होतं.
त्या कोपऱ्यात मिथाइल लावून बघणं
कुणालाही सहज सुचलं असतं.

कुणालाही म्हणजे कुणाला, हे कायद्याने ठरवून ठेवलंय.
एक माणूस जन्माला घातलाय त्याने, सामान्य कौशल्याचा.
जगातला प्रत्येक शोधनिबंध त्याने वाचलेला असतो,
जपानीतला, हंगेरियनमधला,
कुठल्याशा तळघरात वाळवी लागलेलासुद्धा.
त्याला मुलंबाळं नाहीत, डोकेदुखी नाही,
शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची घाई नाही.
आणि एकही वेडा विचार नाही.
बावीस वर्षांत तो एकदाही साक्षीला आला नाही,
त्याच्या वतीने सगळे बोलतात
आणि मी टिपते.

उलटतपासणीला डेल्फीन ॲबट उठल्या.
हातात एक पिवळा पडलेला निबंध.
हा कुणाचा?
माझा.
यातलं एक्केचाळीस नंबरचं संयुग, म्हणजे फळ्यावरचं पहिलं चित्र?
माझंच.
उंदीर मेल्यावर काय केलंत?
फाइल बंद केली.
नंतर किती वर्षं होतात त्या प्रयोगशाळेत?
एकोणीस.
मिथाइल लावायला लागतं ते सामान होतं तिथे?
ते हसले. पिंपभर होतं.
मग डॉक्टर,
जे कुणालाही सुचलं असतं
ते तुम्हाला का नाही सुचलं?

शांततेला माझ्या यंत्रात कळ नाही.
बोटं तरंगत ठेवायची, बस्स.
भिंतीवरचं घड्याळ मी बघितलं. अकरा सेकंद.
म्हातारा फळ्याकडे बघत होता,
आपल्याच घराच्या भिंतीत
दुसऱ्या कुणी दार काढलेलं बघावं तसा.
काखेतला कळसा दिसायला
कधी कधी दुसऱ्याच कुणाला तहान लागावी लागते.

मग म्हणाले, मला वाटलं, ते संपलं.

पलीकडचा वकील ताडकन उठला: हे वगळावं.
न्यायाधीशबाई चष्मा पुसत म्हणाल्या, राहू दे.
तोवर मी टिपलंही होतं.

तिसऱ्या रांगेत जिने ते मिथाइल लावलं ती बाई.
करडा स्वेटर, नखांच्या कडा पिवळट.
सकाळी तिला कुणीतरी विचारलं होतं, का लावलंत?
तर म्हणाली, त्या दिवशी तेवढंच शिल्लक होतं.
तिच्याच वकिलाने कपाळावर हात मारला.
मी तेही टिपलं.

जेवणाच्या सुट्टीत लिफ्टमध्ये आम्ही दोघीच.
खरं तर मी पक्षकारांशी बोलत नाही.
तिनेच विचारलं, माझं नाव कसं लिहिलंत?
मी सांगितलं. थिओडोरा मेरिट.
आडनावाच्या शेवटी, ती म्हणाली, टी दोन आहेत.
उच्चारात कळत नाही.

दुपारी तीनशे बारा पानं उघडून
प्रत्येक ठिकाणी मी एकेक टी घातला.
डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता.
निकाल ऑगस्टमध्ये.